गुठळी निघाली, पुढे काय?

आग्रही : अर्धांगाचा झटका आला की आता आपल्या हातात काही उरलं नाही, असंच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. १९९५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर उपयोगी पडतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत घट्ट बसलेल्या लांब गुठळीपुढे ते औषध बहुधा हरतं. तिथे थ्रोम्बेक्टॉमी कामाला येते. जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची, गुठळीच्या आरपार तारेची जाळी उघडायची, गुठळी तिच्यात अडकली की ओढून बाहेर काढायची. नाहीतर जरा रुंद नळीने ती शोषून घ्यायची. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ने पाच चाचण्यांतल्या १,२८७ रुग्णांचा एकत्र हिशेब छापला. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे लोक नुसत्या औषधोपचारांच्या गटात २६.५ टक्के होते, गुठळी काढलेल्या गटात ४६ टक्के. दर २.६ रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी झालं. इतका फायदा देणारे उपचार वैद्यकात बोटांवर मोजण्याइतके असतील. मग तुमची शंका आहे तरी कशावर?

साशंक : पहिली शंका त्या २.६वरच. ती पायरी कोणती, हे कुणी सांगत नाही. अपंगत्वाची मोजपट्टी शून्य ते सहा अशी आहे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. दोन म्हणजे थोडी उणीव राहिली, पण स्वतःचं स्वतः जमतं. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मृत्यू. पाचावरून चारावर आलेला माणूसही तुमच्या २.६च्या हिशेबात यश म्हणूनच जमा होतो. तुमच्याच आकड्यांतून फक्त स्वावलंबनाचा हिशेब मांडला तर एका माणसासाठी पाचांवर उपचार करावे लागतात. तेही चांगलंच आहे, मी नाकारत नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या कानांवर २.६ पडतं तेव्हा त्यांना वाटतं, दोघा-तिघांतला एक पूर्वीसारखा चालत घरी जातो. तोच तक्ता उलटा वाचला तर गुठळी काढलेल्यांपैकी ५४ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वावलंबी नव्हते. मृत्यूचं प्रमाण १५.३ विरुद्ध १८.९ टक्के, आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अपंगत्व कमी होतं, एवढं त्या चाचण्यांनी सिद्ध केलं. प्राण वाचतात, हे त्यांतून सिद्ध झालेलं नाही.

आग्रही : चार आणि पाच यांतलं अंतर तुम्ही फार सहज ओलांडलंत. सगळं अंथरुणातच करावं लागणारा नवरा आणि धरून का होईना, न्हाणीघरापर्यंत जाणारा नवरा, यांतला फरक त्याच्या बायकोला विचारा. ती पायरी तिच्या पुढच्या दहा वर्षांची असते. आणि ५४ टक्क्यांचं म्हणाल, तर दुसऱ्या गटात तोच आकडा ७३.५ आहे. उपचार न करण्याचा परिणाम शून्य नसतो, हे विसरून तुलना करता येत नाही. मृत्यूचंही तसंच. मेंदूत तार घालणार म्हटल्यावर सगळ्यांना धास्ती होती की रक्तस्राव होऊन माणसं जातील. प्रत्यक्षात तब्येत बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव दोन्ही गटांत जवळजवळ सारखा निघाला : ४.४ आणि ४.३ टक्के. धोका जवळपास तेवढाच राहून स्वावलंबी माणसं पावणेदोन पट होत असतील, तर सौदा कुणाच्या बाजूचा आहे?

साशंक : सौदा म्हणालात म्हणून आठवण करून देतो, हाच सौदा आपण एकदा आंधळेपणाने केलेला आहे. बुचाच्या स्क्रूसारखं वळलेल्या तारेचं पहिलं यंत्र अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालं. ते रक्तवाहिनी उघडतं, एवढ्यावर मंजूर झालं. रुग्ण बरा होतो का, हा प्रश्न मागे राहिला. नऊ वर्षं डॉक्टर ते आणि त्याच्या पुढची यंत्रं वापरत राहिले. आधी बंद दिसणारी वाहिनी नंतर पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखी उजळते, ते चित्र पाहून कुणाला संशय येईल? मग २०१३ मध्ये एकाच वेळी तीन चाचण्यांचे निकाल आले. तिन्हींत फायदा दिसला नाही. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आयएमएस-३ या चाचणीत ६५६ रुग्ण होते. नुसत्या इंजेक्शनने ३८.७ टक्के स्वावलंबी, इंजेक्शनवर नळीचा उपचार जोडला तर ४०.८ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. चित्र खोटं नव्हतं. चित्रावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

आग्रही : पण तो धडा घेतला कुणी? याच क्षेत्राने. २०१३च्या चाचण्यांत काय चुकलं ते उघड दिसत होतं. यंत्रं जुनी होती, गुठळी काढायला उशीर होत होता, आणि मोठ्या वाहिनीत खरोखर गुठळी आहे का हे आधी न तपासताच कित्येकांना चाचणीत घेतलं होतं. नेदरलँड्‌सने शहाणपणा केला. या उपचाराचा खर्च चाचणीत भाग घेतला तरच मिळेल, अशी तिथे अट होती. त्यामुळे ‘माझा विश्वास आहे, मी करतो’ म्हणणाऱ्यांनाही चिठ्ठी टाकून रुग्ण दोन गटांत वाटावे लागले. एमआर क्लीन नावाच्या त्या चाचणीत ५०० रुग्ण जमले. आधी सीटी अँजिओग्राफीसारख्या तपासणीत गुठळी दाखवा, मग पुढे जा, असा नियम. बहुतेकांसाठी नवी जाळी वापरली गेली. निकाल : १९.१ टक्क्यांऐवजी ३२.६ टक्के स्वावलंबी. २०१३ आणि २०१५ यांच्या मध्ये डॉक्टरांची श्रद्धा वाढली नाही, पद्धत सुधारली.

साशंक : एमआर क्लीन मला मान्य आहे. तिच्यामुळे पुढच्या चाचण्यांचं काय झालं, तेही पाहा. तिचा निकाल कळताच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका-युरोप आणि स्पेनमधल्या चाचण्या ठरल्याआधीच थांबल्या. फायदा दिसत असताना अर्ध्यावर थांबवलेली चाचणी तो फायदा असतो त्यापेक्षा फुगवून दाखवण्याची शक्यता असते. हे संख्याशास्त्राचं जुनं निरीक्षण आहे. त्यामुळे अमेरिका-युरोपच्या चाचणीतला ६० विरुद्ध ३५ टक्के हा निकाल मी सावधपणे घेतो. एमआर क्लीनने अपायही प्रामाणिकपणे नोंदवले. गुठळीचा तुकडा सुटून मेंदूच्या दुसऱ्याच भागात नवा झटका येण्याचं प्रमाण उपचाराच्या गटात ५.६ टक्के होतं, दुसऱ्या गटात ०.४. याशिवाय वाहिनीला भोक पडू शकतं, तिचा आतला थर फाटू शकतो, ती आखडू शकते, जांघेत रक्त साकळू शकतं. हे सगळं निष्णात हातांत. जिथे अशा केसेस क्वचित होतात, तिथले आकडे चाचण्यांत आलेलेच नाहीत.

आग्रही : मग फुगवटा वगळून मी फक्त एमआर क्लीनचाच आकडा धरतो. ती पूर्ण झाली, आणि पाचांत तिचे निकाल सर्वांत बेताचे आहेत. तरी शंभरामागे साडेतेरा माणसं जास्त स्वावलंबी झाली, आणि ती ५.६ टक्क्यांची किंमत वजा झाल्यानंतरची. अपाय निकालाच्या बाहेर उभे नसतात, ते निकालात मोजलेलेच असतात. अनुभवाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याबरोबर आहे. हा उपचार गल्लोगल्ली होऊ नये.

साशंक : आता त्याहून अवघड गोष्ट. पाच चाचण्यांच्या एकत्र हिशेबात ७१ टक्के रुग्णांमध्ये वाहिनी नीट उघडली, पण स्वावलंबी झाले ४६ टक्के. म्हणजे वाहिनी उघडूनही बरेच जण उठले नाहीत. रक्त परत पोहोचेपर्यंत मेंदूचा तो भाग गेलेला असतो, किंवा आधीच कमकुवत झालेल्या केशवाहिन्यांत रक्त एकदम शिरून सूज येते, रक्तस्राव होतो. उघडल्यानंतर रक्तदाब किती ठेवायचा, हेसुद्धा आपल्याला उशिरा कळलं. जितका कमी तितका चांगला, असं तर्काला वाटत होतं. चीनमध्ये वरचा रक्तदाब १२०च्या खाली ठेवून पाहिला, तर रुग्णांची अवस्था उलट वाईट झाली आणि २०२२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. गुठळी काढणं हा उपचाराचा एक टप्पा झाला. आपण त्यालाच उपचार म्हणतो, ही माझी तक्रार आहे.

आग्रही : वाहिनी उघडूनही माणूस न उठण्याचं सर्वांत मोठं कारण उशीर. मोठी वाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. त्या पाच चाचण्यांचाच काळाच्या अंगाने अभ्यास केला, तेव्हा झटक्यानंतर ७.३ तासांच्या पुढे फायदा खात्रीने दाखवता येईना. मग घड्याळ हेच अंतिम का? तर तसंही नाही. काहींच्या मेंदूत शेजारच्या वाहिन्या आडवाटेने रक्त पुरवत राहतात आणि पेशी तासन्‌तास तग धरतात. २०१८ मध्ये छापून आलेल्या डॉन चाचणीने ६ ते २४ तासांतले असेच रुग्ण निवडले. नुसत्या औषधोपचारांनी १३ टक्के स्वावलंबी, गुठळी काढून ४९ टक्के. रात्री धडधाकट झोपलेला आणि सकाळी तोंड वाकडं होऊन उठलेला माणूस आधी सगळ्या उपचारांतून बाद व्हायचा. त्याला या चाचणीने परत रांगेत आणलं.

साशंक : आणि त्याच चाचणीने ‘चोवीस तास मिळतात’ असा घातक गैरसमजही पसरवला. डॉनमध्ये २०६ रुग्ण होते. लक्षणं गंभीर, पण मेंदूचा मेलेला भाग लहान, अशी गाठ ज्यांच्यात जुळली तेवढेच घेतले. ते मुळातच हळूहळू बिघडणारे होते. ज्यांचा मेंदू दोन तासांत गेला, ते चोवीस तासांच्या चाचणीत येतीलच कसे? शिवाय उशिरा आल्यामुळे दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना विरघळवणारं इंजेक्शनही मिळालेलं नव्हतं, म्हणून दरी आणखी रुंद दिसते. लवकर आलेल्यांपेक्षा उशिरा आलेल्यांना जास्त फायदा होतो, असं वरवर दिसतं त्याचं कारण हे. निवड कडक केली की निकाल उजळतात. पण निवडीसाठी तपासण्या हव्यात, तपासण्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ मिनिटाला १९ लाख पेशींच्या भावाने मोजावा लागतो.

आग्रही : म्हणूनच निवड सैल करून पाहिली गेली. मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेला आहे, आता हात लावू नका, हा आपला जुना नियम. तुमच्यासारख्या सावध माणसांनी घालून दिलेला. २०२२ मध्ये जपानने तो तपासला. आधाराशिवाय निदान चालता येईल अशा अवस्थेत पोहोचलेले नुसत्या औषधोपचारांनी १२.७ टक्के, गुठळी काढून ३१ टक्के. २०२३ मध्ये चीनमधली आणि अमेरिकेच्या पुढाकाराने झालेली दुसरी, अशा दोन चाचण्यांनी तीच दिशा दाखवली. तुमची सावधगिरी तेव्हा कितीतरी जणांना महागात पडली असेल, याचा हिशेब कोण देणार?

साशंक : तोच हिशेब पूर्ण वाचू या. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत स्वावलंबी झाले ७ टक्क्यांऐवजी २०.३ टक्के. जवळपास तिप्पट, खरंच. आणि तरीही पाचांतले चार दुसऱ्यांवर अवलंबून किंवा मृत. जपानच्या चाचणीत स्कॅनवर दिसणारा कुठल्याही प्रकारचा रक्तस्राव ५८ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ३१.४ टक्क्यांना. नियम सैल करण्याचा मोह दुसऱ्या दिशेनेही गेला. मोठ्या वाहिनीत जमतं, तर मधल्या आणि लहान वाहिन्यांत का नको, म्हणून कित्येक केंद्रांनी पुराव्याआधीच सुरुवात केली. २०२५ मध्ये दोन चाचण्या आल्या आणि दोन्हींत फायदा दिसला नाही. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत तर गुठळी काढलेल्यांपैकी १३.३ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ८.४, त्रासदायक रक्तस्राव ५.४ विरुद्ध २.२ टक्के. वाहिनी जितकी बारीक, तितकी ती फाटण्याची भीती जास्त, आणि वाचवायचा मेंदू तितकाच थोडा. बारा वर्षांनी २०१३चाच प्रयोग नव्याने झाला.

आग्रही : त्या वाहिन्यांबाबत मी हात मागे घेतो. मात्र फायदा न दिसलेल्या चाचणीलाच शेवटचा शब्द मानला असता तर काय झालं असतं, त्याचंही उदाहरण आहे. मेंदूच्या मागच्या भागाला आणि मेंदूच्या देठाला रक्त पुरवणारी बॅसिलर वाहिनी बंद झाली तर निम्म्याहून अधिक लोक जाऊ शकतात. २०२० आणि २०२१ मधल्या दोन चाचण्यांत तिथे गुठळी काढून स्पष्ट फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या दोन चाचण्यांत दिसला. त्यांतल्या अटेन्शन चाचणीत मृत्यू ५५ टक्क्यांवरून ३७वर आले. प्राण वाचतात हे सिद्ध नाही, असं तुम्ही सुरुवातीला म्हणालात. इथे ते झालं. तेव्हा घाईलाही किंमत आहे आणि थांबण्यालाही. फक्त थांबण्याची किंमत ज्यांनी मोजली, ते तक्रार करायला उरत नाहीत.

साशंक : मान्य. मग किंमत कोण मोजतं, हाच प्रश्न जरा लांब नेऊन पाहू. गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणं शोधली गेली. सर्वांत मोठं कारण पक्षाघात निघालं, सुमारे १४ टक्के मृत्यू, आणि बहुतेक घरीच झालेले. त्या गावांत साडेचार तासांत सीटी स्कॅन होणं ही चैन आहे. सीटीशिवाय झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हेच कळत नाही, मग पुढचं सगळं खुंटतं. जगभरातल्या देशांचा आढावा घेणाऱ्या २०२३च्या एका अभ्यासात, ज्यांना थ्रोम्बेक्टॉमीची गरज होती त्यांच्यापैकी ती मिळणाऱ्यांचं प्रमाण देशांच्या क्रमवारीत मधोमध असलेल्या देशात २.७९ टक्के निघालं. आपल्याकडे जाळीची आणि कॅथ लॅबची रक्कम लाखांत जाते, आणि ती कुटुंबाने काही मिनिटांत ‘हो’ म्हणून भरायची असते. मी आरोग्यमंत्री असतो तर पुढचा रुपया रक्तदाबाच्या गोळीवर टाकला असता.

आग्रही : रक्तदाबाच्या गोळीला माझा विरोध कधीच नव्हता. पण गोळी आणि जाळी यांना एकमेकांसमोर उभं करू नका. थ्रोम्बेक्टॉमी व्हायची तर काय काय लागतं? तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं हे ओळखणारा शेजारी. १०८ नंबरची वेळेवर आलेली गाडी. जवळच्या रुग्णालयात रात्रीही चालू असणारं सीटी. स्कॅन फोनवर बघून सांगणारा न्यूरॉलॉजिस्ट. ही साखळी उभी राहिली की गुठळी न काढता येणाऱ्या रुग्णालाही इंजेक्शन वेळेत मिळतं, आणि रक्तस्रावाच्या रुग्णाचंही निदान होतं. प्रत्येकाला थेट मोठ्या शहरात हलवलं पाहिजे असंही नाही. कॅटलोनियातल्या १,४०१ रुग्णांच्या चाचणीत जवळच्या केंद्रात आधी नेलेले आणि थेट थ्रोम्बेक्टॉमीच्या केंद्रात नेलेले, यांच्या अंतिम अवस्थेत फरक पडला नाही. जवळचं केंद्र सज्ज असणं, ही खरी अट.

साशंक : तिथलं जवळचं केंद्र आणि आपलं जवळचं केंद्र यांत जे अंतर आहे, तिथेच तुमची साखळी तुटते. आपल्याकडे साखळीची शेवटची कडी आधी बांधली जाते, कारण तिचं बिल होतं. पहिल्या कडीचं होत नाही. पण हा वाद पैशाचा झाला, आणि पैसा उद्या मिळेलही. पैसा मिळाल्यावरही जो प्रश्न उरतो तो वेगळा आहे. गुठळी मोठ्या वाहिनीत, मेंदू बराचसा शाबूत, रुग्ण लवकर आलेला : इथे मी तुमच्याआधी सही करीन. मधल्या, लहान वाहिन्यांत तुम्ही माझ्यासारखेच थांबता. भांडण उरलं ते मेंदूचा मोठा भाग गेलेल्या रुग्णापुरतं. तिथे उपचार म्हणजे मरणाऐवजी कदाचित स्वावलंबन, कदाचित खाट. ती निवड घाबरलेल्या मुलाने दहा मिनिटांत का करावी? मला स्वतःला काय हवं, ते मी आजच घरी सांगून ठेवायला हवं.

आग्रही : सांगून ठेवा, पण त्यावर फार विसंबू नका. धडधाकट माणूस ‘परावलंबी जगणं नको’ असं म्हणतो तेव्हा न जगलेल्या आयुष्याबद्दल बोलत असतो. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचा भाग काढून ज्यांना वाचवलं, त्यांना नंतर विचारलेले अभ्यास आहेत. अपंगत्व घेऊन जगणाऱ्या त्यांच्यातल्या बहुतेकांनी सांगितलं, पुन्हा वेळ आली तर हीच संमती देऊ. मग खरं मत कुणाचं धरायचं, आजच्या तुमचं की तीन महिन्यांनंतरच्या तुमचं?

साशंक : ज्यांची वाचा गेली त्यांना कुणी विचारलं नसेल, आणि जे गेले त्यांना विचारता येत नाही. मोजपट्टीवरचा चार कुणाला यश वाटेल आणि कुणाला शिक्षा, हे आणखी दहा चाचण्या झाल्या तरी ठरणार नाही. चाचणी शंभरामागे किती, ते सांगते. मी त्या शंभरांत कुठे असेन आणि तिथे राहणं मला चालेल का, हे तिला माहीत नसतं.

आग्रही : बरोबर. पण ते माहीत नसताना उपचार करायचा की करायचा नाही, यांपैकी एक दार उघडावंच लागतं. शंका आहे म्हणून न करणं हाही निर्णयच, आणि तो परत फिरवता येत नाही. शंका असेल तर गुठळी काढावी, असं मी म्हणतो.

साशंक : आणि गुठळी काढल्यावरचं अपंगत्वही परत फिरवता येत नाही. शंका असेल तर आधी, घड्याळ चालू असतानाच, त्या मुलाला ‘पाचांतले चार’ हे शब्द स्पष्ट ऐकवावेत, असं मी म्हणतो. ते ऐकवायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या हिशेबाने अडतीस लाख पेशी. तेवढी किंमत द्यायला तुम्ही तयार आहात का, ते सांगा.